अंगठा, सही, अंगठा

सरकार म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळलं ते तलाठ्याच्या शाईच्या डबीवरून. पत्र्याची चपटी डबी, आत जांभळ्या शाईत भिजलेली मऊ गादी. तलाठी भाऊसाहेब आमच्या कापडे गावात आले की देवळाच्या ओट्यावर सतरंजी पडायची, त्यावर दप्तर सोडलं जायचं आणि मग म्हातारी माणसं एकेक करून पुढे सरकायची. भाऊसाहेब समोरच्याचा डावा हात स्वतःच्या हातात घ्यायचे, अंगठा गादीवर दाबायचे, मग कागदावर. माझी आजी तो अंगठा लगेच डोक्याच्या केसांना पुसायची. तिच्या पांढऱ्या केसांत एका बाजूला कायम फिकट जांभळी रेघ असे. आम्ही पोरं म्हणायचो, आजीला सरकार लागलंय.

कागदावर काय लिहिलंय ते आजीला कळत नसे. खरं सांगायचं तर शाळेत जाणाऱ्या आम्हालाही कळत नसे. सदरहू, उपरोक्त, उक्त, अन्वये. अक्षरं ओळखीची, शब्द परके. मग तो कागद गुरुजींकडे जायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी चष्मा कपाळावर चढवून (जवळचं वाचायला त्यांना चष्मा नको असे) सगळा कागद एका दमात मोठ्याने वाचायचे आणि मग क्षणभर थांबून आमच्या भाषेत सांगायचे. आजी विचारी, "म्हंजे काय, गुर्जी?" गुरुजी म्हणत, "म्हणजे मिळणार आहे, काकी. पण आत्ता नाही." तेवढ्यावर आजीचं समाधान होई. सरकारने काहीतरी म्हटलं, ते माणसाच्या तोंडून ऐकलं, संपलं.

ही १९७०च्या आसपासची गोष्ट. कापडे म्हणजे तेव्हा पोलादपूरहून पायी यायचं गाव. सह्याद्रीच्या पोटात, वरी-नाचणीच्या उतारांचं. एसटी यायची तेव्हा यायची, पावसाळ्यात यायची नाही. आजारी माणूस डोलीतून न्यायचा. या लेखाला कोणी 'काय ते दिवस होते' असं नाव देणार असेल तर आत्ताच सांगतो, डोलीतून नेलेली सगळी माणसं परत आली नाहीत. त्या दिवसांची मला हुरहूर आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

कागद मराठीत होता, हे मला तेव्हा विशेष वाटत नव्हतं. सरकार मराठीतच बोलणार, दुसऱ्या कशात बोलणार? पण माझ्या जन्माच्या दोनच वर्षं आधीपर्यंत ते तसं नव्हतं, हे आजोबांमुळे कळलं. १ नोव्हेंबर १९५६पासून १९६०पर्यंत आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात होतो. विदर्भ, मराठवाडा, कोकण, सौराष्ट्र आणि कच्छ, सगळी एकाच दावणीला. आजोबा मुंबईत गिरणीत होते, आणि आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला तेव्हा खोलीतला एक जण तो वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आजोबांचं राजकारणाचं शिक्षण असं कानांनी झालेलं.

त्यांची आवडती गोष्ट प्रतापगडाची. ३० नोव्हेंबर १९५७. गडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते होणार होतं आणि मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने त्या दिवशी निदर्शनं पुकारली होती. घाटावरून वाईच्या बाजूने माणसं, कोकणातून पोलादपूरच्या बाजूने माणसं. आजोबा रजा टाकून गावी आले होते. फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून आंबेनळी घाटाच्या दिशेने निघाले. पुतळा बघितला का, असं विचारलं की म्हणायचे, "पुतळा कुठला, माणसांच्या पाठी बघितल्या." आणि मग हसायचे. त्यांच्या सांगण्यात नेहरूंबद्दल राग नव्हता, हे मला पुढे फार नवल वाटलं. पाहुणा आलाय आणि त्याला ऐकू कमी येतं, म्हणून सगळ्यांनी मिळून जरा मोठ्याने सांगायला गेलो, असा त्यांचा सूर.

आमच्या भागातला आणखी एक माणूस या गोष्टीत आहे. रायगडाच्या पायथ्याजवळचं महाड तालुक्यातलं नाते गाव, तिथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ला ते निवडून आले ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आमचेच खासदार. १९५६च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, शहर पेटलं, गोळीबार झाले. त्याच वर्षी, त्याच मुद्द्यावरून, देशमुख मंत्रिपदावरून बाहेर पडले. आजोबांना देशमुखांची पंचवार्षिक योजना ठाऊक नव्हती, पण "नात्याच्या देशमुखानं खुर्ची सोडली" हे ते अशा थाटात सांगत की जणू शेजारच्या घरातला कोणी पाटावरून उठला.

मुंबई केंद्रशासित झाली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आयुष्यात कधी गंभीरपणे केला नव्हता. तो करायला लावला भाचीच्या फोनने. भाची नवऱ्याच्या नोकरीनिमित्त ब्रसेल्सला असते. तिचा मुलगा तिथल्या फ्रेंच शाळेत जातो. एकदा ती वैतागून म्हणाली, "मामा, इथे शाळेचं सरकार वेगळं, रस्त्याचं वेगळं आणि देशाचं वेगळं. तक्रार कुणाकडे करायची हे शोधण्यातच दिवस जातो." मला वाटलं पोर चेष्टा करते आहे. पण तसंच आहे.

बेल्जियम हा एवढासा देश. उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालोन, पूर्वेला जर्मन बोलणारे थोडेसे. एकमेकांशी पटेना म्हणून १९७० ते १९९३ या काळात त्यांनी राज्यघटना बदलत बदलत देश संघराज्य करून टाकला. त्यात तीन प्रदेश केले आणि शिवाय तीन भाषिक समाज. प्रदेशाचं सरकार जमीन, रस्ते, उद्योग पाहतं. भाषिक समाजाचं सरकार शाळा, नाटक-संगीत, ग्रंथालयं, आकाशवाणी-दूरदर्शन, मुलाबाळांचं संगोपन असली कामं पाहतं. फ्लेमिश लोकांनी आपली दोन्ही सरकारं एकत्र करून टाकली. फ्रेंच बोलणाऱ्यांनी मात्र ती वेगळी ठेवली. त्यामुळे फ्रेंच समाजाचं एक स्वतंत्र मंत्रिमंडळ आहे. त्याला एक मंत्री-अध्यक्ष, म्हणजे आपला मुख्यमंत्रीच, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मंत्री. २०११पासून ते स्वतःला वालोनी-ब्रसेल्स महासंघ म्हणवतात. भाचीच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा मुलगा डच शाळेत जातो, तर त्याच्या शाळेचं सरकार निराळं. एकाच जिन्यावर दोन शिक्षणमंत्री.

आणि ब्रसेल्स शहर? ते दोघांनाही हवं होतं. शेवटी कोणालाच दिलं नाही, तो तिसरा स्वतंत्र प्रदेश झाला. भाची हे सांगत होती आणि मला नात्याचे देशमुख आठवले. आमच्या मुंबईचं ब्रसेल्स व्हायचं होतं, ते झालं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ माणसांनी जीव दिला आणि ते टळलं.

तिथल्या लुव्हेन विद्यापीठाची गोष्टही तिनेच सांगितली. १९६८ला भाषेवरून विद्यापीठ दुभंगलं, फ्रेंच विभागासाठी नवं गावच वसवलं गेलं आणि ग्रंथालयाची पुस्तकं वाटून घ्यायची वेळ आली. मी बेळगावचं नाव काढलं नाही, पण आठवलं.

ते असो. मला त्या व्यवस्थेतली एकच गोष्ट चटका लावून गेली. त्यांच्याकडे एक सरकार आहे ज्याचं काम म्हणजे जवळजवळ फक्त भाषा. आमच्याकडे उलटं झालं. भाषेसाठी राज्य मागितलं, राज्य मिळालं, आणि त्या राज्याने धरणं, ऊस, वीज, एमआयडीसी, रोजगार हमी सगळं केलं. भाषेसाठी वेगळा मराठी भाषा विभाग निघाला तो २०१०मध्ये. पन्नास वर्षांनी.

अगदीच काही केलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. १९६०लाच भाषा संचालनालय सुरू झालं. १९६४ला राजभाषा अधिनियम आला. पदनाम कोश निघाला आणि प्रत्येक साहेबाला मराठी नाव मिळालं. कलेक्टर जिल्हाधिकारी झाले, बीडीओ गटविकास अधिकारी झाले. लोकांनी मान डोलावली आणि कलेक्टरला कलेक्टरच म्हणत राहिले. तहसीलदार म्हणायला आमच्या गावाने वीस वर्षं घेतली, तोवर ते 'मामलेदार'च होते.

हे शब्द घडवण्याचं काम आमच्या भागाला नवं नाही. कापड्याहून रायगड फार लांब नाही. १६७४ला तिथे राज्याभिषेक झाला आणि त्याबरोबर अष्टप्रधान मंडळाला नवी नावं मिळाली. पेशव्यांचे पंतप्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, डबिरांचे सुमंत, सरनौबतांचे सेनापती. महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, म्हणजे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय. तेव्हा मंत्री हे एका खात्याचं नाव होतं आणि सचिव हे दुसऱ्या. राज्य सरकारच्या मुंबईतल्या इमारतीचं नाव आधी सचिवालय होतं, सत्तरच्या दशकात मंत्रालय झालं. रायगडावरच्या एखाद्या सचिवाने ते ऐकलं असतं तर आपली बदली कुठे झाली म्हणून विचारलं असतं.

गंमत अशी की साडेतीनशे वर्षांत संस्कृत शब्द वरच्या मजल्यावरच राहिले. मंत्री, सचिव, अवर सचिव, कार्यासन अधिकारी. खाली ओट्यावर मात्र तहसील, जमाबंदी, तगाई, दाखला. वर रघुनाथपंडित, खाली निजामशाही, आणि मधल्या जिन्यावर आम्ही, हातात कागद घेऊन.

मी स्वतः पुढे त्याच जिन्यावर नोकरीला लागलो. १९८५पासून राज्य सरकारच्या एका खात्यात लिपिक. पहिल्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं, फाईल म्हणायचं नाही, नस्ती म्हणायचं. मी मनात म्हटलं, ही नसती कटकट. पण वर्षभरात माझ्या हातून सदरहू, उपरोक्त आणि अन्वये असे झरझर उतरायला लागले की मलाच अभिमान वाटे. टिप्पणी लिहायची, कार्यासनाकडे पाठवायची, आवक-जावक बारनिशीत नोंद करायची. शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' हे टंकलिखित करताना अंगावर मूठभर मांस चढे. निर्णय मंत्रिमंडळाचा, पण घटनेप्रमाणे नाव राज्यपालांचं, आणि अक्षरं माझी. आपण लिहिलेला हा कागद कुठल्या तरी कापड्यात कुठल्या तरी गुरुजींना फोडून सांगावा लागणार आहे, हे पस्तीस वर्षांत माझ्या फार वेळा मनात आलं नाही. याची लाज वाटते.

वडिलांची गोष्ट राहिली. तेही गिरणीतच. लालबागला गावकीच्या खोलीत वीस-बावीस माणसांचे ट्रंक आणि पाळीपाळीने झोपणं. दर महिन्याला मनीऑर्डर. फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी चार बोटांची जागा असे, तेवढ्यात ते संसार बसवत. 'पैसे पोचल्याचे कळवणे. बैलाला औषध करणे. पोराला शाळा बुडवू न देणे.' पत्ता मात्र ठसठशीत: मु. पो. कापडे बुद्रुक, ता. पोलादपूर, जि. कुलाबा. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा, आई अंगठा द्यायची, तीच जांभळी शाई.

मग १९७८चा ऑक्टोबर. प्रौढ शिक्षणाचा देशभर कार्यक्रम निघाला आणि आमच्या शाळेत रात्रीचा वर्ग सुरू झाला. कंदील गुरुजींचा, घासलेट सरकारचं. बायका पदरात तोंड लपवून हसत यायच्या. पहिले तीन महिने माझी आई एक अक्षर शिकली नाही, फक्त बसून राहिली. मग एका रात्री घरी येऊन वडिलांच्या मनीऑर्डरीची जुनी चिठोरी काढली आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर ती जशीच्या तशी उतरवायला लागली. चित्र काढावं तशी. अक्षरं आधी हातात आली, मग डोळ्यांत, सगळ्यात शेवटी तोंडात. त्यामुळे झालं असं की तिला स्वतःचं नाव आणि पूर्ण पत्ता सुंदर लिहिता यायला लागला, आणि बाकी फारसं काही नाही. पण पुढच्या मनीऑर्डरीला पोस्टमनने डबी उघडली तेव्हा तिने ती हातानेच मिटवली आणि पेन मागितलं.

ही माझ्या मते संयुक्त महाराष्ट्राची खरी मिळकत. राज्यस्थापनेचा मंगल कलश वगैरे ठीक.

१९८०च्या जूनमध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. आमच्याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. महाबळेश्वरहून निघणारी सावित्री पोलादपूर, महाड करत खाली जाते आणि खाडी होते त्या काठावर आंबेत. आमच्या नदीच्या तोंडाशी मुख्यमंत्री, म्हणून गावात पेढे वाटले होते. अंतुले म्हणजे झटपट निर्णय. हातातल्या अर्जावर तिथल्या तिथे शेरा. लंडनहून भवानी तलवार आणणार म्हणाले, ती आली नाही. निराधार म्हाताऱ्यांना दरमहा अनुदानाची योजना आली, ती मात्र राहिली. आणि १ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. आम्हाला आनंद झाला. आईला राग आला. नुकतीच जेमतेम 'कुलाबा' लिहायला शिकली होती.

१९८२चा जानेवारी आमच्या घरात विसरला जाणार नाही. त्या महिन्यात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुले पायउतार झाले आणि १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. मुख्यमंत्री गेल्याचं दुःख गावाला आठवडाभर होतं. संपाचं दुःख अजून आहे. वडील मे महिन्यात ट्रंक घेऊन गावी आले ते म्हणाले, "दोन महिन्यांत मिटेल." मनीऑर्डर बंद झाली. आई सही शिकली होती, पण आता सही करायला काही येत नव्हतं.

इथून पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. आमची पिढी कळवा, दिवा, विरारला सरकली. गावात वीज, नळ, डांबरी रस्ता आला. दारात रिक्षा, सहा आसनी यायला लागली. २००५च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव-जुईकडे डोंगर खाली आले, २०२१च्या जुलैत तळिये, आणि आमच्या पोलादपुरात साखर सुतारवाडी, केवनाळे. दोन्ही वेळा सरकार आलं आणि दोन्ही वेळा त्याने पहिला शब्द उच्चारला तो एकच, पंचनामा. या शब्दाला कुठल्याही कोशाने हात लावलेला नाही. माणूस मातीखाली असताना नातेवाइकाला जो शब्द समजतो तोच खरा राजभाषेचा शब्द, असं मला तेव्हा वाटलं.

आता सातबारा मोबाइलवर निघतो, डिजिटल सहीचा. त्यासाठी पूर्वी आजोबा तीन खेपा घालायचे. दाखल्याला किती दिवस लागावेत याचा २०१५चा कायदा आहे. अलिबागला जाऊन एक कागद आणायचा म्हणजे पहाटे निघून मुक्काम करून परत, हे माझ्या मुलांना खोटं वाटतं. मंत्रिमंडळाचे निर्णय पूर्वी तिसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचायला मिळत. आता बैठक सुटायच्या आत गावच्या ग्रुपवर जीआर येतो, त्यावर संकेतांक, तारीख, सगळं. आणि खाली कोणीतरी विचारतं, 'म्हणजे काय?' उत्तर देणारे गुरुजी ग्रुपवर नाहीत. कोणीतरी अंगठा वर केलेलं चित्र टाकतं.

२०२४ला सरकारने तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, महिलांना महिना १५०० रुपयांची लाडकी बहीण योजनाही त्याच वर्षीची. मी गावी होतो. सेवा केंद्रावर बायकांची रांग. योजनेचं नाव किती मायेचं आणि अगदी घरचं, नाही? पण रांगेत कानावर येणारे शब्द होते ई-केवायसी, ओटीपी, सीडिंग, सर्व्हर डाउन. माझी चुलत सून शेजारणीला समजावत होती, "अगो, शिडींग नाय झालाय तुजा." सीडिंगची शिडी झाली होती. मला हसू आलं आणि मग वाटलं, हेच तर खरं भाषांतर. आम्ही पस्तीस वर्षं नस्ती-टिप्पणी करत बसलो. शब्द लोकांनी आपले आपण घडवले, लोकांनीच ते वापरले.

शाळेचं सांगू नये असं वाटतं, पण बेल्जियमचा विषय काढलाच आहे तर सांगायला हवं. भाचीच्या मुलाच्या सरकारचा जीव शाळेत आहे. तिथे मंत्रिमंडळं शाळांच्या प्रश्नांवरून घाम गाळतात. आमच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत आता मुलांपेक्षा भिंतीवरची चित्रं जास्त. मुलं विरारला, कळव्याला, इंग्रजी माध्यमात. त्यात माझी नातवंडंही आहेत, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवायला जागा नाही. २०२३ला वीस किंवा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार सरकारी पत्रांतून सुरू झाला तेव्हा गावच्या ग्रुपवर सगळे चिडले, मीही चिडलो. एकानेही, मी माझं पोर गावच्या शाळेत घालतो, असं लिहिलं नाही. पुढे २०२५ला पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, जूनच्या अखेरीस सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. तेव्हाही आम्ही ग्रुपवर जोरात होतो. आजोबांसारखं भाकरी बांधून निघायची वेळ आली नाही, अंगठा पुरला.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

गेल्या गौरी-गणपतीला आईला घेऊन रेशन दुकानात गेलो. आई आता ८३ वर्षांची. दुकानदार गावातलाच, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. काउंटरवर छोटं यंत्र. "काकी, अंगठा ठेवा." आईने ठेवला. यंत्र बोललं, कुठल्या तरी बाईच्या आवाजात, काय ते आईला कळलं नाही. परत ठेवला. पदराने पुसून ठेवला. डावा ठेवला. मग तर्जनी. दुकानदार म्हणाला, "काकींचं बोट घासलंय, रेषाच उमटत नाय." साठ वर्षं भांडी, शेण, नाचणीचं जातं. रेषा राहणार कुठून? रांगेतली माणसं शांत होती. कोणी चडफडलं नाही, हे गावाचं खरं.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "सही करू का?"

तो अवघडला. "काकी, सहीला जागाच नाय यात."

मग ओटीपीचा मार्ग निघाला. आईचं आधार माझ्या मोबाइलशी जोडलेलं, त्यामुळे सहा आकडे माझ्या खिशात वाजले. मी वाचून दाखवले, त्याने टिपले, यंत्रातून पावतीची पांढरी पट्टी सरसरत बाहेर आली. तांदूळ, गहू पिशवीत पडले. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. मी पिशवी उचलली.

आई जागची हलली नाही. तिने ती पट्टी उलटी केली, काउंटरवर सपाट केली आणि दुकानदाराच्या कानावरचं पेन मागून घेतलं. त्याने निमूट दिलं. मागच्या माणसाने आपली पिशवी खाली ठेवली. आई वाकून लिहायला लागली, हळूहळू, चित्र काढावं तशी. आधी आपलं नाव, मग माझ्या वडिलांचं, मग आडनाव. खाली मु. पो. कापडे बुद्रुक. ता. पोलादपूर. पट्टी अरुंद होती, जागा संपत आली होती, म्हणून शेवटचे शब्द तिने कडेने वळवून वर नेले.

जि. कुलाबा.